ब्लॉगरांचा कट्टा: बागेत की हॉलमध्ये?

एका मैत्रिणीला एकाच रविवारी दोन कट्ट्यांचं बोलावणं आलंय, एक बागेत, एक हॉलमध्ये. जायची तिची पहिलीच वेळ. पुण्यात मी दोन्ही प्रकारच्या कट्ट्यांना गेले आहे, म्हणून सांगते.

खर्च बागेत किरकोळ: सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचं तिकीट आणि बाहेरचा चहा. हॉल म्हटलं की भाडं, माईक, नाश्ता. वर्गणी किती ते आधीच विचारून घे.

खरा फरक गप्पांचा. हॉलमध्ये माईक फिरतो, जो तो नाव आणि ब्लॉग सांगतो, मग भाषण. जिचं लेखन वर्षभर वाचलं ती चार रांगा पुढे बसलेली, आपल्याला तिची पाठ दिसते. बागेत गोल करून बसतात. माझ्या पहिल्या कट्ट्याला शेजारच्या काकांनी चकलीचा डबा पुढे केला आणि विचारलं, "एसटी थांब्यावरचा तो लेख तुमचाच ना?" मी अजूनही ते विसरलेले नाही. मात्र पंधराच्या वर माणसं झाली की एका गोलाचे दोन होतात.

पुण्यातल्या बऱ्याच बागा दुपारी बंद होतात, रंगात आलेला कट्टा उठवावा लागतो. पावसाळ्यात तर बाग नकोच.

ब्लॉगची मांडणी, लेखांचे हक्क असं काही शिकायचं असेल किंवा खाली बसवत नसेल, तर हॉल. माणसं जोडायची असतील तर बाग. बुजऱ्यांनी तर नक्कीच, तिथे उभं राहून बोलावं लागत नाही.