सीएनक्यूएक्स: ब्लॉकर चांगला, पण सॉल्टच घ्या

लिहायला बसले ते सप्लायरवर चिडून. मागवलं होतं सीएनक्यूएक्सचं, म्हणजे मेंदूच्या पेशींमधले उत्तेजक संदेश थांबवणाऱ्या औषधाचं, डायसोडियम सॉल्ट (पाण्यात विरघळणारं रूप). तीन कोटेशन, परचेस कमिटी, सगळ्यांच्या सह्या पार पडून कुपी हातात आली, तर लेबलवर नुसतंच सीएनक्यूएक्स. फोन केला तर म्हणे, "मॅडम, मॉलेक्यूल तोच आहे ना?" तोच आहे हो, पण पाण्यात विरघळत नाही त्याचं काय?

स्लाइसवाल्यांना (मेंदूच्या जिवंत कापांवर काम करणाऱ्यांना) बाकी सांगायला नको. एम्पा आणि केनेट हे ग्लुटामेटचे (मेंदूतल्या मुख्य उत्तेजक रसायनाचे) रिसेप्टर बंद करायचे, १० ते २० मायक्रोमोलर, विषय संपला. पण साधा फॉर्म डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्येच करावा लागतो. १० मिलिमोलरचा स्टॉक हजारपट पातळ केला की एसीएसएफमध्ये (स्लाइस ज्यात जगवतात त्या द्रवात) ०.१ टक्का डीएमएसओ जातो, मग कंट्रोललाही तेवढाच घाला, आणि आधीचे बिनडीएमएसओचे कंट्रोल बसा मोजत. वर डीएमएसओ १८.५ अंशांनाच गोठतो. अ‍ॅलिकॉट (स्टॉकची छोटी कुपी) सवयीने बर्फात खोचली की तिचा दगड होतो, पिपेटचं टोक आत शिरत नाही. आणि स्टॉक जास्त दाट करून घाईघाईत एसीएसएफमध्ये सोडला की तळाशी पिवळसर कण. ते नळीत अडकले तर स्लाइसपर्यंत औषध किती पोचलं हे देवालाच ठाऊक. सॉल्टला यातलं काही नाही. पाण्यात टाका, हलवा, झालं.

सप्लायरचा पुढचा युक्तिवाद असा की सॉल्टमध्ये तुम्ही सोडियमचेही पैसे भरता. हे मात्र खरं. मी हिशोब मांडला. साध्याचा रेणुभार २३२, सॉल्टचा २७६. १० मिलिग्रॅममधून १० मायक्रोमोलरचं द्रावण साध्याचं ४.३ लिटर होतं, सॉल्टचं ३.६. मिनिटाला २ मिली सोडलं तर एकीकडे ३६ तास, दुसरीकडे ३०. सदाशिव पेठेत वाढलेय, सहा तास सोडताना जीव तुटतो. तरी सॉल्टच घेईन. आणि ५० मिली एसीएसएफ कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण) देत तेच तेच फिरवत ठेवलं तर ३० तासांचे कितीतरी जास्त होतात. (गाइडना हे आवडत नाही. बिल बघितल्यावर आवडतं.)

काम मात्र सीएनक्यूएक्स देखणं करतो. हिप्पोकॅम्पसमधले शाफर कोलॅटरल तंतू उत्तेजित करायचे, ते जिथे पोचतात त्या सीए१ भागातली पेशी उणे ७० मिलिव्होल्टला धरायची आणि स्क्रीन बघत बसायचं. दर स्वीपला ईपीएससी (पेशीत येणारा उत्तेजक करंट) खुजा होत जातो आणि शेवटी नुसता स्टिम्युलसचा आर्टिफॅक्ट उरतो. धुवायला लागलं की करंट परत येतो, एनबीक्यूएक्स या त्याच्या भावंडापेक्षा लवकर. १९८८ साली 'सायन्स'मध्ये पहिल्यांदा आलेलं हे औषध अजून प्रत्येक लॅबच्या फ्रीझरमध्ये का आहे ते कळतं. एक खोड आहे: एनएमडीए या ग्लुटामेटच्या आणखी एका रिसेप्टरच्या ग्लायसीनच्या जागेवरही तो थोडा बसतो. एनएमडीए करंट वेगळा काढणार असाल तर एसीएसएफमध्ये ग्लायसीन घाला.

इथवर पाच तारे द्यायचे ठरलं होतं. मग इनहिबिशन (पेशीला शांत करणारे संदेश) मोजायला घेतलं. उत्तेजक करंट बंद, स्क्रीनवर फक्त आयपीएससी, म्हणजे इनहिबिशनचे करंट, इथपर्यंत ठीक. पण सीएनक्यूएक्स पोचल्यावर ते कमी न होता दाटीवाटीने यायला लागले. लॅबमेटने पंपावर संशय घेतला, मी पेशीवर. दोघंही निर्दोष. एम्पा रिसेप्टरच्या सोबत टार्प नावाची साहाय्यक प्रथिनं असतात. ती असली की सीएनक्यूएक्स रिसेप्टर बंद करता करता त्याला किंचित उघडतोही. मेनुझ, निकोल वगैरेंनी २००७ मध्ये हे दाखवलं, तेही 'सायन्स'मध्येच. गाबा सोडून इतर पेशींना शांत करणारे इंटरन्यूरॉन त्यामुळे थोडे डिपोलराइझ होतात, फायर करत सुटतात, आणि आपण बसतो गाबा वाढला म्हणून नाचत. फायरिंग थांबवणारं टीटीएक्स घालून मिनिएचर (फायरिंगशिवाय आपोआप येणारे बारीक करंट) मोजत असाल तर फायरिंगच नाही, तेव्हा निभावतं. एरवी नाही. डीएनक्यूएक्स या दुसऱ्या भावंडाचीही तीच गत. एनबीक्यूएक्स घातल्यावर आमच्याकडे ती गर्दी झाली नाही.

कुपी फोडलेली म्हणून सप्लायरने परत घेतली नाही. शेजारच्या लॅबला दिली, त्यांचं सगळंच डीएमएसओमध्ये चालतं, आणि बदल्यात एनबीक्यूएक्सच्या अ‍ॅलिकॉट आणल्या.

तर तीन तारे. उत्तेजन थांबवायला डोळे झाकून घ्या, स्पॉन्टेनियस इनहिबिशनसाठी पैसे घालून एनबीक्यूएक्स घ्या, तेही डायसोडियमच. ऑर्डर देताना नाव नको, कॅटलॉग नंबर लिहा आणि मेलवर होकार घ्या. आणि ज्यांना फक्त स्लाइस कापताना ग्लुटामेट आवरायचाय त्यांनी यांतलं काहीच घेऊ नये. कायन्युरेनिक अ‍ॅसिड कितीतरी स्वस्त पडतं. १ ते ३ मिलिमोलर लागतं, विरघळताना रडवतं, थोडं सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की ऐकतं. पीएच मात्र नंतर पुन्हा बघा.