अंधार की अंतर : मोजक्या पैशांत घेण्याजोग्या लेन्सचे परीक्षण

एक जुनी डीएसएलआर बॉडी, तिच्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स आणि पुढच्या लेन्ससाठी कष्टाने बाजूला ठेवलेले दहा ते पंधरा हजार रुपये, एवढ्याच भांडवलावर ज्यांची फोटोग्राफी चालू आहे त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहिले आहे. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरच्या कोणत्याही दुकानात गेले की पहिला प्रश्न येतो तो “किती एमएमची हवी?” हा (एमएमचा आकडा जितका मोठा, तितका लांबचा विषय जवळ दिसतो). त्याआधी घरी बसून स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे : किट लेन्स आपल्याला नेमकी कुठे अडवते? उजेड अपुरा पडतो म्हणून फोटो हलतात, की विषय इतका लांब असतो की तो फ्रेममध्ये ठिपक्याएवढा दिसतो? पहिली अडचण अंधाराची आहे, दुसरी अंतराची. या रकमेत दोन्हींवर एकच लेन्स मिळत नाही, आणि “सगळ्याला चालेल” म्हणून दाखवली जाणारी स्वस्त झूम बहुतेक वेळा यांपैकी एकही अडचण सोडवत नाही. नाशिककरांना ही निवड विशेष जाणवते, कारण रामकुंडावरची सायंकाळची आरती आणि नांदूर मधमेश्वरचे पक्षी ही दोन्ही आकर्षणे हाताशी आहेत आणि दोन्हींना लागणारी काच अगदी वेगळी आहे.

अंधारासाठी कॅननच्या बॉडीवर ५० एमएम एफ १.८ एसटीएम (एसटीएम म्हणजे शांत चालणारी फोकस मोटर) या लेन्सला या किमतीत खरोखर तोड नाही. २०१५ मध्ये आलेली ही लेन्स जेमतेम १६० ग्रॅमची आहे, तिचे माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणारी कडी, धातूचे आहे आणि नवीन घेतली तरी ती दहा हजारांच्या आसपास मिळते. किट लेन्स ५५ एमएमवर नेली की तिचे अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे छिद्र, एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे); ही लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते, म्हणजे सेन्सरवर जवळजवळ दहापट उजेड पोचतो. या दहापटीचा अर्थ घाटावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आरतीच्या वेळी आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १६०० ठेवूनही किट लेन्सला जिथे १/१० सेकंदाचा शटर लागतो तिथे या लेन्सला १/१०० पुरतो. पुजाऱ्याच्या हातातली पंचारती गोल फिरत असते, त्यामुळे १/१० वर तिच्या ज्योतींची पिवळी रेघ होते आणि हात धुरकट होतो. १/१०० वर ज्योतींचा आकार राहतो, मनगटावरचा गंडा दिसतो आणि मागच्या चेहऱ्यांवर पडलेला उजेडही वाचता येतो. किट लेन्सचे इमेज स्टॅबिलायझेशन इथे कामाला येत नाही, कारण ते आपल्या हाताचा कंप सावरते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही.

या लेन्सच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. एफ १.८ वर एक मीटर अंतरावरून चेहरा टिपला तर फोकसमध्ये राहणारी खोली अडीच-तीन सेंटिमीटरचीच असते. जवळचा डोळा धारदार येतो आणि लांबचा सुटतो. म्हणून माणसांचे फोटो काढताना मी एफ २.५ ते २.८ या टप्प्यात राहण्याचा सल्ला देईन. त्या टप्प्यात काचेची धारही सुधारते आणि किट लेन्सच्या तुलनेत उजेडही भरपूर उरतो. फोकसची रिंग विजेवर चालते, त्यामुळे कॅमेरा बंद असताना ती फिरवून उपयोग नाही. आणि लहान सेन्सरच्या कॅननवर ५० एमएमचे दृश्य ८० एमएमसारखे दिसते, त्यामुळे घरातल्या छोट्या खोलीत वाढदिवसाचे सगळे मंडळ एका फ्रेममध्ये बसवायचे असेल तर भिंतीला पाठ टेकूनही जागा कमी पडते. हिच्या आधीचे, नावात रोमन ‘दोन’ (II) असलेले १९९० पासूनचे मॉडेल सेकंड हँड बाजारात आणखी स्वस्त मिळते. पण त्याचे माउंट प्लास्टिकचे आहे, ते ४५ सेंटिमीटरपेक्षा जवळचे फोकस करत नाही (नवी लेन्स ३५ पर्यंत येते) आणि त्याची मोटर आवाज करते. दीड-दोन हजार वाचवण्यासाठी ते घेऊ नये.

निकॉन वापरणाऱ्यांनी मात्र ‘पन्नास एमएम’ या शब्दांवर न जाता ३५ एमएम एफ १.८ जी डीएक्स ही २००९ ची लेन्स शोधावी. निकॉनच्या लहान सेन्सरच्या दीडच्या गुणकामुळे तिचे दृश्य साधारण ५२ एमएमचे होते, म्हणजे घरात, दुकानात, मेन रोडच्या गर्दीत, सगळीकडे ती वावरू देते. माझ्या दृष्टीने स्वस्त लेन्समधली ही सर्वांत समतोल लेन्स आहे आणि कॅननच्या डीएसएलआरवाल्यांना याच किमतीत तिच्या तोडीचे काही मिळत नाही. निकॉनची जुनी ५० एमएम एफ १.८ डी ही लेन्सही स्वस्तात पुढे केली जाते. काच उत्तम आहे, पण तिच्यात फोकसची मोटर नाही. डी३५०० किंवा डी५६०० अशा बॉडीतही ती मोटर नसते, त्यामुळे फोकस दरवेळी हाताने करावा लागतो. डी७००० मालिकेच्या बॉडीत मोटर आहे, तिथे ही लेन्स खुशाल घ्यावी.

अंधार म्हटला की पांडवलेणीची आठवण होणे साहजिक आहे, पण तिथे हे गणित उलटे होते. विहाराच्या आत मागे सरकायला जागा नसते, त्यामुळे ५० एमएम फार आवळून धरते. त्यावर कॅननची २४ एमएम एफ २.८ ही चपटी, सव्वाशे ग्रॅमची लेन्स सुचवली जाते. किट लेन्स २४ एमएमवर साधारण एफ ४ देते, म्हणजे फायदा एकाच स्टॉपचा, दुप्पट उजेडाचा. उलट किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे आणि या चपट्या लेन्समध्ये नाही. लेण्यातले खांब आणि शिलालेख हलत नाहीत, त्यामुळे श्वास रोखून १/८ सेकंदावर घेतलेला किट लेन्सचा फोटो तिथे सरस ठरतो. या कामासाठी नवीन लेन्सवर पैसे घालू नयेत.

आता अंतर. नांदूर मधमेश्वर हे २०२० मध्ये जाहीर झालेले महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर आहे, आणि हिवाळ्यात नाशिकच्या बहुतेक कॅमेऱ्यांची तोंडे तिकडेच वळलेली असतात. तिथे मोठ्या पांढऱ्या लेन्स पाहून मनात न्यूनगंड येऊ देण्याचे कारण नाही. कॅननची ५५-२५० एफ ४-५.६ आयएस एसटीएम ही लेन्स ३७५ ग्रॅमची आहे, सेकंड हँड घेतली तर आपल्या रकमेत सहज बसते आणि २५० एमएमवर ४०० एमएमसारखे दृश्य देते. सकाळी ऊन थोडे वर आले की एफ ५.६, आयएसओ ४०० आणि १/१००० हे तिन्ही आकडे जुळून येतात. चित्रबलाकाचा थवा बांधावरून उठला तर पंखांवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि पाठीवरची गुलाबी पिसे वेगवेगळी दिसतील इतके तपशील ही लेन्स देते. उथळ पाण्यातले रोहित, जांभळ्या पाणकोंबड्या, बगळे यांच्यापर्यंत तिची मजल आहे. पाणथळीच्या पलीकडच्या गवतातला छोटा वटवट्या मात्र तिच्या आवाक्यात नाही, आणि तो हवा असेल तर पंधरा हजारांत कोणतीच लेन्स तो देणार नाही. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते, मग लाखाची लेन्सही धूसर फोटो देते. स्वस्त लेन्सवाल्याने म्हणूनच लवकर पोचावे.

या लेन्सच्या बाबतीत नावातली अक्षरे नीट वाचावीत. ५५-२५० च्या तीन आवृत्त्या बाजारात फिरतात : २००७ ची, २०११ ची आणि २०१३ ची एसटीएम. तिसरीचीच काच आणि फोकस खऱ्या अर्थाने सुधारलेले आहेत. पहिल्या दोन्हींमध्ये फोकस होताना पुढचा भाग फिरतो, त्यामुळे पोलरायझर (चमक कमी करणारा, फिरवून जुळवायचा फिल्टर) लावला तर दरवेळी तो पुन्हा जुळवावा लागतो. नव्या बॉडीच्या ‘डबल झूम’ खोक्यातून आलेली ७५-३०० ही लेन्स आकड्यांनी मोठी आणि किमतीने लहान असल्याने मोह पडतो. तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, आणि हातात धरून ३०० एमएमवर काम करणाऱ्याला ती उणीव फार महाग पडते.

निकॉनमध्ये एएफ-पी (नव्या पद्धतीच्या फोकस मोटरची) ७०-३०० ची लेन्स हलकी, शांत आणि धारदार आहे. मात्र तिच्या व्हीआर (निकॉनचे स्टॅबिलायझेशन) असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन आवृत्त्या दिसायला जवळजवळ सारख्या आहेत, तेव्हा नळीवरची व्हीआर ही अक्षरे पाहूनच पैसे द्यावेत. शिवाय डी३१००, डी३२००, डी५१००, डी७००० या जुन्या बॉडींवर एएफ-पी लेन्सचा फोकसच चालत नाही. आपली बॉडी सोबत नेऊन लेन्स लावून पाहणे हा यावरचा एकमेव खात्रीचा उपाय आहे.

सेकंड हँड बाजार सध्या घेणाऱ्याच्या बाजूने आहे. २०२० नंतर कॅनन आणि निकॉन दोघांचेही लक्ष मिररलेसकडे, म्हणजे आतला आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळले, लग्नाचे फोटो काढणाऱ्या व्यावसायिकांनी सामग्री बदलली आणि त्यांच्या चांगल्या स्थितीतल्या डीएसएलआर लेन्स बाजारात आल्या. उद्या आपण मिररलेस घेतला तरी कंपनीच्या अ‍ॅडॉप्टरवर वर सांगितलेल्या मोटरवाल्या कॅनन लेन्सचा ऑटोफोकस चालतो, त्यामुळे हा पैसा वाया जाईल ही भीती फारशी खरी नाही.

भीती बाळगायची ती फंगसची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात कपाटातल्या चपलांवरही बुरशी येते. लेन्स तर काळ्या बॅगेत, अंधारात, स्पंजच्या कुशीत पडून असते. म्हणून जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा मारून समोरून आत पाहावे. धुळीचे चार-सहा कण दिसले तर काळजी नको, ते फोटोत येत नाहीत. पण काचेच्या कडेपासून आत शिरणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फाटे फुटलेले तंतू दिसले तर किंमत कितीही उतरली तरी लेन्स परत ठेवावी, कारण फंगस काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही त्याचा डाग राहू शकतो. त्यानंतर माउंटचे स्क्रू पाहावेत. त्यांच्या खाचा खरवडलेल्या असतील तर लेन्स कुणीतरी उघडली आहे. मग वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट चिकटवून, कॅमेरा समोर सरळ धरून, एफ ५.६ वर एक फोटो घ्यावा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे मोठी करून ताडून पाहावीत. एकच कोपरा पुसट येत असेल तर आतली काच सरकलेली असू शकते; लेन्स केव्हातरी पडलेली असण्याची शक्यता आहे. विक्रेता एवढा वेळ देत नसेल तर तिथून निघावे. रशियन-जर्मन बनावटीच्या जुन्या स्क्रू माउंट लेन्सचे आकर्षण अनेकांना असते. निकॉनवर त्या साध्या अ‍ॅडॉप्टरने लांबचे फोकस करत नाहीत, एवढे सांगून तो विषय सोडतो.

घेतलेली लेन्स पावसाळ्यात बॅगेत ठेवू नये. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात रंग बदलणारे सिलिका जेल आणि शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढी व्यवस्था पुरे आहे. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून ते पुन्हा वापरता येते.

२०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवून अनेक जण आत्तापासून मोठ्या लेन्सची चौकशी करत आहेत. त्या गर्दीत लांबूनच फोटो घ्यावे लागणार हे खरे; परंतु दोन-चार दिवसांच्या कामासाठी ७०-२०० एफ २.८ सारखी लेन्स भाड्याने घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. पर्वणीच्या तारखांना मागणी वाढेल, म्हणून आगाऊ सांगून ठेवावे, आणि ताब्यात घेतानाच पुढच्या-मागच्या काचेचे आणि माउंटचे फोटो दुकानदाराच्या समोर काढावेत, म्हणजे अनामत परत घेताना वाद होणार नाही.