डोडोमात एक द्राक्षहंगाम आणि मग भटकंती: टांझानियातल्या स्वयंसेवेचा आमचा अनुभव

परदेशात स्वयंसेवक म्हणून जावं का, असं तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यातली ओळखीची माणसं आम्हा दोघांना सारखं विचारतात. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. आम्ही टांझानियात डोडोमा भागात एक अख्खा हंगाम राहिलो, नंतर तो देश फिरलो आणि परत येऊनही आता बरेच महिने झाले. नवलाई ओसरली आहे, आणि तिथे केलेल्या कामातलं काय टिकलं, काय नाही, हेही समोर आलं आहे. माझं मत आधीच सांगते. जाण्यासारखं आहे, पण हातात स्वतःचं एखादं काम असेल आणि एक हंगाम पुरा काढायची तयारी असेल तरच.

आमचं काम द्राक्षाचं आणि बेदाण्याचं. बाग आता मुलगा बघतो. ह्यांचा हात छाटणीत आणि ड्रीपमध्ये, माझा बेदाणा सुकवायच्या शेडवर. द्राक्षं बुडवण्यापासून बेदाणा निवडून प्रतवारी लावेपर्यंत सगळं मी वर्षानुवर्षं केलेलं आहे. आफ्रिकेत द्राक्षं म्हटलं की लोक दक्षिण आफ्रिकेचं नाव घेतात. टांझानियाच्या राजधानीभोवती द्राक्षबागा आहेत हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. मिशनरी लोकांनी तिकडे वेली नेल्या आणि त्या कोरड्या हवेत त्या रुजल्या. वर्षातून दोन पिकं निघतात, एक ऑगस्ट-सप्टेंबरात आणि दुसरं फेब्रुवारी-मार्चात. बहुतेक माल वाइनला जातो, थोडा रस्त्याकडेला बादल्यांतून विकला जातो. वाइनवाल्यांनी उचल केली नाही की शेतकऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. आपल्याकडे बाजार पडला की माल शेडवर नेता येतो, तो आधार त्यांना नाही. आम्ही ज्या गावात राहिलो तिथल्या बायकांच्या गटाला सुकवण शिकायची होती, म्हणून आमची निवड झाली.

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण फोनवर पहिला प्रश्न त्याचाच असतो. पर्यटक व्हिसावर तिथे काम करता येत नाही, बिनपगारी कामसुद्धा नाही. स्वयंसेवकांना सी वर्गाचा रहिवासी परवाना लागतो आणि तो बोलावणाऱ्या संस्थेने काढायचा असतो. आम्हाला मधल्या एका एजन्सीने सगळं आम्हीच करतो असं सांगून पैसे घेतले आणि परवान्याचा अर्ज रेंगाळत ठेवला. शेवटी गावातल्या संस्थेच्या बाईंनी स्वतः कचेरीत बसून तो मार्गी लावला. तेव्हा मध्यस्थ टाळा. ज्या गावात जाणार तिथल्या माणसाशी आधी व्हिडिओ कॉलवर बोला आणि एकच विचारा, आम्ही आलो नाही तर तुमचं काय अडेल? उत्तर नेमकं आलं तर जा. तुम्ही या, मग काम बघू, असं आलं तर जाऊ नका.

आम्ही परतीचं विमान नैरोबीहून धरलं, म्हणून पिवळ्या तापाची लस घ्यावी लागली. केनियातून येणाऱ्याकडे भारतात तो दाखला मागतात. लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून न्या आणि मच्छरदाणीत झोपायचा आळस करू नका. प्लास्टिकच्या पिशव्यांना तिकडे जून 2019 पासून बंदी आहे, म्हणून चटण्या-पिठं कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरून न्या. शाल हवीच. डोडोमा हजार मीटरहून उंच आहे, जून-जुलैच्या रात्री चांगल्याच गार असतात.

आता कामाबद्दल. पहिले काही आठवडे आम्ही फक्त बघत होतो आणि ते फार उपयोगी पडलं. वेली बुटक्या, खुंटाला बांधलेल्या. पाणी बादलीने घालायचं, नाहीतर पावसाची वाट बघायची. पाऊस डिसेंबर ते एप्रिल एवढाच, बाकीचे महिने आभाळ कोरडं. म्हैसाळ-ताकारीच्या उपसा योजनांचं पाणी यायच्या आधीचा सांगली जिल्ह्याचा पूर्वभाग ज्यांनी पाहिलाय त्यांना तिथली माती, बाभळी आणि शेळ्या बघून परकं वाटणार नाही. आपण टँकरने बागा जगवल्या आहेत, त्यामुळे एकेका वेलीला पाणी घालणाऱ्या बाईचा जीव कशात अडकलाय हे कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

ह्यांनी दोनशे लिटरचे पिंप कमरेएवढ्या ओट्यावर चढवून त्याखाली ठिबकच्या नळ्या जोडल्या. वीज नाही, पंप नाही, पाणी आपल्या वजनाने उतरतं. गावातल्या बोअरचं पाणी खारं, ड्रीपरवर पांढरा थर धरायचा. आठवड्याला नळीची टोकं उघडून पाणी सोडून द्यायचं, हे त्यांनी पोरांना हाताने करून करून शिकवलं. छाटणीवर मात्र वाद झाला. आपण एप्रिलला नवी काडी तयार करायला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी घेतो, पीक एकच घेतो. तिथे दोन छाटण्या आणि दोन्हींना पीक. ह्यांचं म्हणणं, वेल दमते, एकच पीक घ्या. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं म्हणणं, दुसऱ्या पिकाच्या पैशांत पोरांच्या फिया भरतात. म्हातारा बरोबर होता असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मग फक्त डोळे, म्हणजे काडीवरच्या फुटीच्या जागा, मोजून काडी ठेवायची आणि जादा घड काढून टाकायचे एवढ्यावर दोघांचं जमलं.

माझ्याकडचं काम सुकवणीचं. आपण शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल घालतो. त्याने मण्यावरची मेणाची साय सुटते, आतलं पाणी भराभर उडतं आणि बेदाणा पिवळसर-हिरवा राहतो. तिथे डिपिंग ऑइल मिळेना आणि बाहेरून मागवलेल्या औषधावर चालणारी पद्धत शिकवण्यात मला अर्थ वाटला नाही. आम्ही नेला तो फक्त रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र. गोडी बाविसच्या वर गेल्याशिवाय घड तोडायचा नाही, हा एकच नियम घातला. लाकडी चौकटींना शेडनेट ताणून रॅक केले, वर गवताचं छप्पर. माल बिन बुडवलेला, त्यात वाइनच्या जाती, म्हणजे बिया असणारच. आपल्या शेडवर जे पंधरवड्यात होतं त्याला तिथे दुप्पट वेळ लागला आणि रंग काळपट तपकिरी आला. चव मात्र फार चांगली, आंबटसर आणि दाट.

तिथला वारा आमच्या फायद्याचा होता आणि त्याच वाऱ्याने पहिला रॅक खराबही केला. कोरड्या दिवसांत डोडोमात दुपारभर वारं सुटतं, त्याने माल सुकतो आणि त्याच वाऱ्याची तांबडी धूळ चिकट मण्यांवर बसते. गटातल्या एका बाईने आपली खांगा, म्हणजे तिकडे बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड, वाऱ्याच्या बाजूला टांगली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या आणल्या. धूळ अडली, वारा आत आला. हा उपाय माझ्या डोक्यात आला नसता.

माल झाला की नाही हे मी त्यांना मुठीने शिकवलं. मूठभर दाणे घ्यायचे, घट्ट दाबायचे आणि हात उघडायचा. दाणे आपोआप सुटे झाले तर झाला, गोळा राहिला तर अजून पाणी आहे. एक वयस्क बाई, जिला वाचता येत नव्हतं, ती रोज सकाळी प्रत्येक रॅकवरची मूठ दाबून बघायची, आणि चार दिवसांत तिचा हात माझ्यापेक्षा अचूक झाला. कुठल्या फळीवर ओल आहे हे ती लांबूनच सांगायची. 8 ऑगस्टला नाने-नाने म्हणजे शेतकरी दिन असतो, डोडोमात न्झुगुनीच्या मैदानावर मोठं कृषी प्रदर्शन भरतं. आमचा माल तेव्हा तयार नव्हता, पण तिथे पुलाव शिजवून विकणाऱ्यांशी बोलणी झाली आणि पुढे त्यातल्याच काहींनी बेदाणा घेतला.

राहणं-खाणं थोडक्यात. खोली आणि दुपारचं जेवण संस्थेचं, तिकिटं आणि विमा आमचा. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली, राजम्यासारखी माहाराग्वे, माठाची भाजी. माठाच्या भाजीत ते शेंगदाण्याचं कूट घालतात, म्हणजे सांगलीच्या माणसाला आणखी काय हवं? चपाती तर चपाती याच नावाने मिळते. पैसे मोबाईलवरून चालतात, गल्लीबोळात एम-पेसाचे एजंट बसलेले असतात. तीनचाकी रिक्षाला सगळा देश बजाजी म्हणतो. वेळ ठरवताना मात्र जपा. स्वाहिलीत घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. कोणी उद्या दोनला या म्हटलं तर सकाळी आठला पोचा. मोठ्या माणसाला शिकामू म्हणून नमस्कार करायचा आणि मोठ्याने माराहाबा म्हणायचं. पन्नाशी ओलांडलेल्या आम्हा दोघांना वाटेत शाळेची पोरं थांबून शिकामू म्हणायची, तेव्हा फार बरं वाटायचं.

आमच्या मुक्कामात दोन आठवड्यांसाठी आलेली परदेशी कॉलेजची मुलं आम्ही पाहिली. मनाने चांगली होती, कष्टाळू होती. त्यांनी शाळेची भिंत रंगवली आणि ती गेली. गावात रंगारी होता, त्याला तेवढे दिवस काम नव्हतं. याचा मला अजून राग आहे, मुलांचा नाही, अशा सहली विकणाऱ्यांचा. पैसे भरून दोन आठवडे जाण्यापेक्षा तेच पैसे त्या रंगाऱ्याला पोचले असते तर भिंतही रंगली असती आणि त्याची चूलही पेटली असती.

हंगाम संपल्यावर फिरलो. आधी काम आणि मग फिरणं, हाच क्रम ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. तोवर जुजबी स्वाहिली तोंडात बसते, भाव करता येतो, बसस्टँडवर कोणी फसवत नाही. शिवाय रहिवासी परवाना असला की अभयारण्यांत परदेशी पर्यटकांपेक्षा कमी प्रवेश फी पडते, हा फरक खिशाला जाणवतो.

सगळ्यांत मनात राहिलं ते कोलो. डोडोमाहून उत्तरेला कोंडोआकडे जाताना लागतं. तिथली कातळचित्रं 2006 साली जागतिक वारसा यादीत आली. टेकडी चढून गेलं की पुढे झुकलेल्या खडकाखाली गेरूच्या रंगात उंच, सडपातळ माणसं काढलेली दिसतात, काहींच्या डोक्याभोवती केसांचा मोठा घेर, शेजारी प्राणी. आसपासचे लोक अजूनही तिथल्या काही गुहांत पावसासाठी विधी करतात. पर्यटक जवळजवळ नव्हतेच. सफारीच्या जाहिरातीत ही जागा सहसा नसते, तुम्ही मात्र चुकवू नका. पुढे न्गोरोंगोरो पाहिलं, सुमारे 19 किलोमीटर रुंदीचं ते विवर काठावरून बघताना हे बराच वेळ काही बोललेच नाहीत. मोशीला किलिमांजारोच्या पायथ्याशी चाग्गा लोकांच्या केळी-कॉफीच्या बागांतून पाट फिरवलेले आहेत. ह्यांनी एक आख्खी दुपार पाटाचं पाणी कुणाकडून कुणाकडे जातं हे विचारण्यात घालवली, आणि पाळीपाळीने पाणी हे त्यांचं गणित लगेच समजलं.

झांझिबार सुंदर आहे, पण महाग आहे. तिथे जाणाऱ्या परदेशी पर्यटकांना ऑक्टोबर 2024 पासून सरकारी विमा कंपनीचाच 44 डॉलरचा विमा सक्तीचा आहे, तुमचा दुसरा विमा असला तरी. स्टोन टाउनच्या गल्ल्यांत पितळी खिळ्यांची कोरीव दारं आणि गुजराती बोलणारी दुकानदार मंडळी भेटतात. गुलामांचा बाजार जिथे भरायचा, 1873 साली बंद होईपर्यंत, ती जागा बघून मी बाहेर पायरीवर बसून राहिले. समुद्रकिनाऱ्यासाठी जाणाऱ्यांनीही तिथे एक तास द्यावा. दार-ए-सलाम ते डोडोमा विजेची नवी रेल्वे 2024 मध्ये सुरू झाली आहे, पूर्वी बसने अख्खा दिवस जायचा तो प्रवास आता चार तासांच्या आत होतो. तिकीट आधी काढा.

आता टिकलं काय? गटातल्या बायका फोटो पाठवतात. रॅक उभे आहेत, दोन नवीन त्यांनीच बांधले, खांगा अजून वाऱ्याला टांगलेल्या असतात. मूठ दाबणारी बाई आता शेजारच्या गावाला शिकवायला जाते. पिंपांच्या ठिबकपैकी निम्मंच चालू आहे, काही नळ्या शेळ्यांनी चावल्या आणि बदली नळी जवळपास मिळत नाही. पावसाळी पिकात सुकवण जमली नाही, दमट हवेत बुरशी धरली, ते पीक पूर्वीसारखं वाइनलाच गेलं. हे होणार असं वाटतच होतं, कारण कोरड्या हवेला पर्याय नाही.

आपल्याकडून कोणाला जायचं असेल तर खरड छाटणी आटोपल्यावर लगेच कागदांना लागा. जूनअखेर तिथे पोचलात तर कोरडा हंगाम पूर्ण मिळतो आणि इथल्या ऑक्टोबर छाटणीत घरचं कोणी तरी उभं राहील एवढी सोय आधी लावा. छाटणीच्या कात्र्या न्या, त्या सामानात चालतात, केबिनच्या पिशवीत ठेवू नका. रिफ्रॅक्टोमीटर न्या आणि तिथेच ठेवून या. आणि बरेच जण विचारतात म्हणून सांगते, थॉमसन किंवा सोनाका या आपल्या द्राक्षजातींच्या काड्या, रोपं, माती यातलं काहीही बॅगेत घालू नका. परवान्याशिवाय ते नेता येत नाही, आणि आपल्या बागेतला डाउनी हा बुरशीचा रोग किंवा एखादी कीड काडीबरोबर त्यांच्या बागेत गेली तर निस्तरायला त्यांच्याकडे औषधही नाही आणि फवारणी पंपही नाही.