नाल मारली आणि घोडी लंगडली: खिळा काढायचा, नाल उतरवायची, की गोळी देऊन वरात गाठायची?

ऐन लग्नसराईत नाल मारून दोन दिवस होत नाहीत तोच घोडी पाय धरते. वरातीचा विसार घेतलेला असतो. अशा वेळी नाशकात पंचवटीपासून मखमलाबादपर्यंत कुणालाही विचारा, सल्ले तीनच मिळतात. मी तिन्ही करून बसलोय.

निवड करण्याआधी लंगडणं कधी सुरू झालं ते आठवा. ठोकतानाच तिने पाय झटकला, भोकाशी रक्त दिसलं, तर खिळा जिवंत भागात घुसलाय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लंगडली, तर बहुधा तो घुसलेला नाही, नुसता खेटून दाबतोय. आठवड्याभराने अचानक पाय टेकेनाशी झाली, खूर गरम लागतंय, खुराच्या वरची नाडी ठणठण उडतेय, तर आत पू धरलाय असं समजा. आणि दोन्ही पुढचे पाय डांबरावर जपून टाकते पण मातीत बरी चालते? मग खिळ्याला दोष देऊ नका, बहुधा नालबंदाने तळवा जास्त तासलाय. (पुढचा कुठला पाय दुखतोय कळत नसेल तर दुडकी चालवून मान बघा. दुखरा पाय टेकताना मान वर जाते.)

एकच खिळा काढणं सगळ्यात स्वस्त. नालबंद एकेका खिळ्यावर हलकेच हातोडी मारतो, जिथे घोडी दचकते तो खिळा ओढतो. नुसता दाब असेल तर एक-दोन दिवसांत चाल सुधारते. पण निघालेला खिळा हातात घेऊन बघाच. ओला, काळपट, घाण वासाचा असेल तर काम इथे संपत नाही. माझ्या घोडीचा खिळा नालबंदाने काढला आणि 'नाल ढिली राहील' म्हणून त्याच भोकात दुसरा ठोकला. मीही मान डोलावली. चौथ्या दिवशी ती तीन पायांवर उभी होती.

मग नाल उतरवावीच लागते. यात पैशांपेक्षा दिवस जातात. पू तळव्यातून वाट काढून बाहेर सोडायचा असतो, आणि ते काम पशुवैद्यकाचंच. नालबंदाने मोठं भोक पाडलं तर जखम भरायला आणखी उशीर. नंतर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून खूर बुडवायचं, पोटीस बांधायचं. पावसाळ्यात आपल्या तबेल्यांत चिखल किती असतो ते सांगायला नको. मी पट्टीवर ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधतो, टिकतो. धनुर्वाताची लस विसरू नका, घोड्याला तो फार पटकन होतो. तोटा एवढाच की नालेशिवाय खुराच्या कडा तुटतात, आणि खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं.

तिसरा सल्ला गोळीचा, म्हणजे फेनिलब्युटाझोन या वेदनाशामकाचा. घोडी सरळ चालते, वरात होते. पण दुखणं दबतं म्हणून ती त्याच खुरावर पूर्ण भार टाकते, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले की दुखरी जागा सापडत नाही. डॉक्टरांनी तपासून दिली तर गोष्ट वेगळी. वरातीसाठी? मी पुन्हा देणार नाही. विसार परत करा, दुसऱ्याची घोडी लावून द्या.

पू निघूनही तीन-चार दिवसांत फरक नसेल तर एक्स-रे लागतो. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत नेता येते, पण तीन पायांवरच्या घोडीला टेम्पोतून कसारा घाट उतरवण्याआधी फिरतं एक्स-रे यंत्र इथेच येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

नालबंद बदलायचा का? 'आणा, बघतो' म्हणणारा असेल तर ठेवा. नवी नाल मात्र कडक जमिनीवर घोडी नालेविना सरळ दुडकी चालल्यावरच, आणि जुन्या भोकाची जागा मोकळी सोडायला सांगा. सहा खिळ्यांवरही नाल बसते.