कटक, कडलूर आणि डेलावेअर : नागपुरातील एका इतिहासवर्गाविषयी

अमेरिका आणि युरोप यांच्या जुन्या इतिहासातील अपरिचित प्रसंगांवर धरमपेठेतील एका ग्रंथालयात रविवारी सकाळी जो अभ्यासवर्ग भरतो, तो मी नुकताच पूर्ण केला आहे. इतिहासाची गोडी असलेल्या नागपूरकरांनी तो अवश्य करावा, असे माझे मत आहे. मात्र त्यातील सर्व व्याख्याने सारख्या तोलाची नाहीत.

सर्वांत सकस व्याख्यान अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावरचे होते, आणि त्याचा मोठा भाग आपल्या नागपूरच्या महाल भागातील भोसल्यांविषयी होता. इंग्रज १७७५ पासून अमेरिकेत लढत असतानाच इकडे मराठ्यांशीही झुंजत होते, आणि १७७९ च्या वडगावच्या तहानंतर नाना फडणवीसांनी हैदरअली, निजाम व मुधोजी भोसले यांना कंपनीविरुद्ध एकत्र आणले, इथवर आपल्याला ठाऊक असते. बंगालवर चालून जाण्याची कामगिरी नागपूरकरांकडे होती. चिमणाजी भोसल्यांच्या हाताखाली फौज कटकपर्यंत पोहोचलीही, परंतु वॉरन हेस्टिंग्जने पैसा मोजून तिला थोपवले, आणि १७८१ मध्ये कर्नल पिअर्सची तुकडी त्याच प्रदेशातून हैदरशी लढण्यासाठी मद्रासकडे निघून गेली. त्या हैदरचे नाव अमेरिकेत एव्हाना इतके गाजले होते, की पेनसिल्व्हेनियाने आपल्या एका लढाऊ जहाजाला ‘हैदर अली’ हेच नाव दिले, आणि कप्तान जोशुआ बार्नी याने ८ एप्रिल १७८२ रोजी डेलावेअरच्या उपसागरात त्याच जहाजाने ‘जनरल माँक’ हे ब्रिटिश जहाज जिंकून घेतले. अमेरिकेत यॉर्कटाउन येथे इंग्रज फौज १७८१ मध्ये शरण आली, तरी इंग्रज आणि अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरलेले फ्रेंच जून १७८३ पर्यंत तमिळ किनाऱ्यावरील कडलूर येथे लढत राहिले, कारण युरोपातील तहाची बातमी तिथे तेव्हा कुठे पोहोचली. वक्त्यांनी हे सारे भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर तारखांच्या क्रमाने दाखवले. कटकमध्ये थांबलेली फौज आणि मद्रासची लढाई यांचा संबंध मला इतक्या स्पष्टपणे पूर्वी कोणीही समजावून दिला नव्हता.

टिस्क्वांटम या अमेरिकेतील मूळ रहिवाशाची हकिकतही तितक्याच तळमळीने सांगितली गेली. १६१४ मध्ये थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमधील मालागा येथे विकायला नेले. तिथून तो इंग्लंडला पोहोचला, इंग्रजी शिकला, आणि १६१९ मध्ये घरी परतला तेव्हा साथीच्या रोगाने त्याचे पटक्सेट गाव ओस पडलेले होते. त्याच जागी १६२० च्या अखेरीस ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या इंग्रज प्रवाशांनी वस्ती केली आणि त्यांना मका पेरायला त्यानेच शिकवले. मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल खासगी व्यापाराच्या आरोपांवरून १६९२ मध्ये पदावरून गेला आणि पुढे १७१८ मध्ये त्याने पाठवलेल्या मालाच्या गाठी व ४१७ ग्रंथांमुळे कनेटिकटमधील महाविद्यालयाला त्याचे नाव मिळाले, हा भाग मात्र घाईत उरकला गेला. त्या गाठींमागे मद्रासचा व्यापार होता, आणि त्याविषयी आणखी ऐकायला मिळायला हवे होते.

युरोपची बाजू तुलनेने कमकुवत आहे. १५१८ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये लोक दिवसेंदिवस नाचत राहिले, आणि नाचूनच हा आजार उतरेल अशा समजुतीने नगरसभेने आधी वादक नेमले व नंतर वाद्यांवर बंदी घातली, हे वर्णन उत्तम होते. परंतु रोज पंधरा माणसे मेली हे विधान वक्त्यांनी निश्चित सत्य म्हणून केले. त्या वेळच्या नगराच्या नोंदींत मृतांची संख्या आढळत नाही. अपरिचित इतिहास शिकवणाऱ्याने नोंद आणि नंतरची आख्यायिका यांतील सीमा प्रत्येक वेळी दाखवलीच पाहिजे, कारण श्रोत्याला ती स्वतः पडताळण्याचे साधन क्वचितच असते. प्रश्नोत्तरांत हा मुद्दा निघाला तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, ही गोष्ट मला आवडली.

शुल्क माफक आहे आणि मराठीतील छापील टिपणे जपून ठेवण्याजोगी आहेत. टिपणांत नकाशे नाहीत, तेव्हा सोबत नकाशासंग्रह न्यावा. आणि वेळ कमी असेल त्यांनी निदान स्वातंत्र्ययुद्धाचे व टिस्क्वांटमचे व्याख्यान चुकवू नये.