हेलडायव्हर्स २ : दहावीचा हट्ट कशासाठी?

ॲरोहेड या स्वीडिश स्टुडिओने तयार केलेला आणि सोनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात आणलेला 'हेलडायव्हर्स २' हा परग्रहांवर महाकाय किडे वगैरे शत्रूंशी चौघांनी मिळून लढण्याचा ऑनलाइन ॲक्शन गेम मी कोथरूडच्या घरी, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, तीन मित्रांबरोबर वर्षभर खेळत आहे. त्याच्या चित्रांविषयी आणि आवाजाविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मी येथे त्यातल्या दहा काठिण्यपातळ्यांविषयीच लिहिणार आहे, कारण नोकरी सांभाळून ज्याला जेमतेम तास-दीड तास मिळतो, त्याचा तो वेळ सार्थकी लागतो की वाया जातो हे बहुतांशी पातळीच्या निवडीवरच ठरते.

पातळी वाढली की शत्रूची कातडी जाड होते, हा अनेक गेम्सचा जुना शिरस्ता आहे: किडा तोच, गोळ्या मात्र दुप्पट. येथे तसे होत नाही. पहिल्या पातळीवर जो किडा जितक्या गोळ्यांत मरतो, तितक्याच गोळ्यांत तो दहाव्या पातळीवरही मरतो. बदलते ती त्यांची संख्या आणि त्यांच्यासोबत येणारी मोठी धेंडे. गेंड्यासारखा मुसंडी मारणारा चार्जर समोरून चिलखताने मढलेला असतो. रायफलीच्या गोळ्या त्याच्यावरून नुसत्या घसरतात, पण रिकॉइललेस रायफलचा एक गोळा डोक्यात बसला की तो जागीच कोसळतो. त्यामुळे मधल्या पातळ्यांवर अडकून पडलेल्या माणसाचा नेम कच्चा असतोच असे नाही. बहुधा त्याच्याकडे असे रणगाडाभेदी शस्त्रच नसते. काठिण्याची ही रीत मला अधिक प्रामाणिक वाटते.

प्रगतीचे गणित मुख्यतः नमुन्यांवर, म्हणजे सॅम्पल्सवर, चालते. साधे नमुने पहिल्या पातळीपासून, दुर्मीळ चौथ्यापासून आणि सुपर नमुने सहाव्यापासून मिळतात, आणि ते खर्चून आपल्या जहाजात सुधारणा करता येतात. कोणीही उचललेला नमुना चौघांच्याही खात्यावर जमा होतो, मात्र तो घेऊन परतीच्या यानात कोणीतरी चढले पाहिजे. हा नियम आम्हाला दलदलीतल्या एका मिशनमध्ये चांगलाच समजला. सगळे नमुने खिशात घेऊन पुढे धावणारा आमचा मित्र यानापासून हाकेच्या अंतरावर पडला. मी वर, खाली, उजवा, डावा, वर हे बाण दाबून त्याला पुन्हा बोलावले खरे, पण तो कोठे उतरणार हे ठरवणारा गोळा घाईत फेकला भलत्याच बाजूला. मित्र उतरला टेकडीपलीकडे, नमुने राहिले चिखलात, आणि यान आम्हा उरलेल्यांना घेऊन नमुन्यांविनाच उडाले. तेव्हापासून नमुने नेहमी सर्वांत सावध खेळणाऱ्याकडे असतात.

म्हणून नवख्याने तिसऱ्या-चौथ्या पातळीवर थोडे दिवस राहून रणगाडाभेदी शस्त्रे मिळवावीत आणि मग सहावी-सातवी गाठून तेथेच मुक्काम करावा. पुढची पातळी उघडण्यासाठी पूर्ण ऑपरेशन पार करावे लागते, आणि पाचवीपासून वर एका ऑपरेशनमध्ये तीन मिशने असतात, हे वेळ ठरवताना लक्षात ठेवावे. मोठे मिशन चाळीस मिनिटांपर्यंत चालते. गुरुवारी आमच्या भागात देखभालीसाठी वीज जाते आणि ती कधी येईल याचा नेम नसल्याने, इन्व्हर्टरवर राउटर चालू पण पीसी बंद अशा अवस्थेत बसण्यापेक्षा त्या दिवशी आम्ही बारा-पंधरा मिनिटांची छोटी मिशनेच घेतो. सुपर क्रेडिट, म्हणजे गेममधले चलन, मात्र खालच्या पातळ्यांवरही सापडतात, त्यामुळे केवळ तेच हवे असतील तर वर जाऊन जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही. साठवणुकीलाही मर्यादा आहेत: साधे नमुने ५००, दुर्मीळ २५०, सुपर १००. त्यापुढचे वाया जातात, तेव्हा ते वेळीच खर्च करावेत.

मग दहावी पातळी कशासाठी? ऑगस्ट २०२४ मध्ये ती जोडली गेली, तोवर नऊच होत्या. तेथे नमुने अधिक असतात, पण सहावीवर मिळत नाही असा एकही प्रकार दहावीवर नाही. चौघांची जुळणी पक्की असेल तर तिची मजा वेगळी आहे, हे मी नाकारत नाही. पण अनोळखी खेळाडूंबरोबर तेथे गेल्यास आपल्याच माणसाच्या बॉम्बखाली मरण्याचे प्रसंग फार येतात, कारण या गेममध्ये मित्राची गोळीही मित्राला लागते. माझी तक्रार एवढीच की, कोणती पातळी कोणाच्या सोयीची आहे याचा सल्ला गेम नवख्याला स्वतःहून देत नाही. आणि पुण्यात दहावी म्हटले की ती चांगल्या गुणांनी पार करायलाच हवी, असे वाटणारी माणसे कमी नाहीत.

आमच्या चौघांतही असा एक आहे. त्याच्यासाठी शनिवारी रात्री आम्ही दहावीचे एक ऑपरेशन घेतो, आणि त्या रात्री नमुने त्याच्या हाती लागू देत नाही.