टेट्रिस की बीजीएमआय: लोकलमध्ये कोणता गेम?

डोंबिवली ते दादर प्रवासासाठी माझं मत टेट्रिसला. वरून पडणारे तुकडे रचत आडवी ओळ पूर्ण भरायची, भरली की ती साफ होते. 1984 साली मॉस्कोत अलेक्सी पाझित्नोव्हने बनवलेला हा गेम आजही सोडवत नाही, कारण नियम पटकन कळतात आणि चुकलं कुठे ते लगेच दिसतं. कडेला एकच उभी फट राखून ठेवायची, लांब दांडी आली की चार ओळी एकदम साफ! पुढचा तुकडा आधीच दिसतो, त्यामुळे ‘अजून एकच’ म्हणता म्हणता स्टेशन येतं.

बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या ऑनलाइन लढाईच्या गेमची मजा माणसांची. शंभर जण उतरतात, आकसणारं वर्तुळ त्यांना समोरासमोर आणतं, तुम्ही पडलात तर मित्र धावत येऊन उठवतो. ही सोबत टेट्रिसमध्ये नाही. पण बीजीएमआयला सलग वेळ आणि नेटवर्क हवं. तो रात्री घरी, चौघं जमल्यावरच खेळा.